ज्यांनी आधी हात पुढे केला

येवल्यात संक्रांत एका दिवसात आटोपत नाही. भोगी, संक्रांत आणि कर असे तीनही दिवस गच्च्यांवर आसाऱ्या फिरत राहतात, हलकडीचा कडकडाट गल्लीगल्लीतून ऐकू येतो. २०२१ सालची कर सरली आणि दुसऱ्याच दिवशी, १६ जानेवारीला, देशभरात कोरोना प्रतिबंधक लसीकरणाला प्रारंभ झाला. आधी आरोग्य कर्मचारी, मग आघाडीवर राबणारे पोलीस व सफाई कामगार, मार्चपासून साठीपुढचे ज्येष्ठ, एप्रिलपासून पंचेचाळिशी ओलांडलेले आणि मे महिन्यापासून अठरा वर्षांवरील सर्व, अशा क्रमाने ती लस तालुक्यातालुक्यांत पोहोचली. रांगेत उभ्या राहिलेल्या येवलेकराच्या मनात तेव्हा जे प्रश्न होते, तेच साऱ्या देशाच्या मनात होते. ताप किती दिवस राहील? दुसरी मात्रा वेळेवर मिळेल ना? कोव्हिशिल्ड बरी की कोव्हॅक्सिन? एक प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारला. ही कुपी आपल्यापर्यंत येण्यापूर्वी कोणाच्या दंडावर तपासली गेली?

‘स्वयंसेवक’ हा शब्द या पानांच्या वाचकाला नवा नाही. तो त्याच्या घरातलाच आहे. वेळ देणारा, श्रम देणारा, प्रसंगी पदरमोड करणारा माणूस या शब्दाबरोबर त्याच्या डोळ्यांसमोर उभा राहतो. लसीच्या चाचणीत सहभागी होणाऱ्यालाही स्वयंसेवकच म्हणतात. परंतु त्याचे देणे काहीसे वेगळ्या जातीचे आहे. असाध्य रोगाने ग्रासलेला रुग्ण नव्या औषधाच्या प्रयोगाला तयार होतो, तेव्हा त्यामागे बरे होण्याची आशा असते. लसीच्या चाचणीला जाणारा धडधाकट असतो. त्याला काहीच झालेले नसते, आणि तो न गेल्याने त्याचे काही बिघडणारही नसते. जे द्यायचे ते निरोगी शरीर, आणि तेही पुढे येणाऱ्या अनोळखी लोकांसाठी.

कोव्हॅक्सिनच्या पहिल्या टप्प्यातील चाचणीसाठी २०२०च्या जुलै महिन्यात ८९७ जणांची तपासणी झाली आणि त्यांतून १८ ते ५५ वयोगटातील ३७५ जणांची निवड झाली. या चाचणीच्या केंद्रांत नागपूरचे गिल्लूरकर रुग्णालय होते आणि बेळगावचे जीवनरेखा रुग्णालयही होते. म्हणजे दिल्ली-पाटण्याबरोबरच विदर्भात व सीमाभागातही त्या वेळी हात पुढे झाले होते. ऑक्सफर्डच्या लसीची, म्हणजे पुढे कोव्हिशिल्ड म्हणून ओळखल्या गेलेल्या लसीची, भारतातील चाचणी २६ ऑगस्ट २०२० रोजी पुण्यात भारती विद्यापीठाच्या रुग्णालयात सुरू झाली. सप्टेंबरअखेरीस मुंबईच्या केईएम रुग्णालयात ती पोहोचली. देशभरातील १७ केंद्रांत मिळून १६०० स्वयंसेवक त्यात सहभागी झाले. कोव्हॅक्सिनचा तिसरा टप्पा १६ नोव्हेंबर २०२० रोजी सुरू झाला आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत २५ केंद्रांतील २५ हजार ७९८ जणांची त्यात नोंद झाली.

आकडे लिहायला सोपे असतात. त्या प्रत्येक आकड्यामागे जे घडत होते, ते नाट्यमय नव्हते. म्हणूनच बहुधा वृत्तवाहिन्यांच्या कॅमेऱ्यांना त्यात फारसा रस वाटला नाही. पहिल्या भेटीत रक्त घेतले जाई, नाका-घशातील स्राव घेतला जाई. आधीच संसर्ग होऊन गेला आहे का, अन्य काही व्याधी आहे का, याची विचारपूस होई. स्त्री असेल तर गर्भधारणेची चाचणी होई. अनेक पानांचे माहितीपत्रक वाचायला मिळे आणि संमतीपत्रावर स्वाक्षरी घेतली जाई. त्यानंतर दंडावर अर्धा मिलिलिटरची सुई. मग निरीक्षणासाठी तिथेच थांबणे. घरी परतताना हाती एक दैनंदिनी येई. ताप किती, दंड दुखतो का, सुजला का, डोके जड आहे का, हे सर्व त्या दैनंदिनीत रोजच्या रोज लिहायचे. मध्येच फोन यायचा. चार आठवड्यांनी दुसरी सुई, पुन्हा रक्त, पुन्हा फोन, आणि पुढे कित्येक महिने ठराविक दिवशी रुग्णालयाची पायरी चढायची. चाचणीतील स्वयंसेवकाचे खरे काम धैर्याइतकेच वक्तशीरपणाचे असते. सुई टोचून घेण्याचे धाडस एका क्षणाचे. नोंदी ठेवण्याचा नेमस्तपणा वर्षभराचा.

यात भर पडे ती न जाणण्याची. आपल्या दंडात गेले ते लस होती की जिच्यात विषाणूचा अंशही नाही असा नुसता द्रव, हे स्वयंसेवकाला ठाऊक नसते. सुई टोचणाऱ्या डॉक्टरलाही ठाऊक नसते. कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्यात निम्म्यांना लस व निम्म्यांना तो द्रव देण्यात आला. ही तुलना केल्याशिवाय लसीची परिणामकारकता सिद्धच करता येत नाही. पण माणसाच्या बाजूने पाहिले तर ही स्थिती चमत्कारिक आहे. बाहेर साथ पसरलेली, घरात वृद्ध आईवडील, आणि आपण संरक्षित आहोत की नाही हे कळण्याचा मार्ग नाही. मुखपट्टी सोडायची नाही, गर्दीत जायचे नाही, म्हणजे लस न घेतलेल्या माणसासारखेच वागायचे. हरयाणाचे तत्कालीन आरोग्यमंत्री अनिल विज यांनी २० नोव्हेंबर २०२० रोजी अंबाल्यात स्वयंसेवक म्हणून सुई टोचून घेतली आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ते कोरोनाबाधित झाले, तेव्हा देशी लस निरुपयोगी ठरल्याचा गलका झाला. त्यांना मिळाली ती लस होती की नुसता द्रव हे कोणालाच माहीत नव्हते, त्यांची दुसरी मात्रा व्हायची होती आणि संरक्षण गृहीत धरायचे ते दुसऱ्या मात्रेनंतर चौदा दिवसांनी, एवढे तीन साधे मुद्दे समजून घेण्याची उसंत फारच थोड्यांना होती.

तिसऱ्या टप्प्याचे अंतिम निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात नोव्हेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. लक्षणे असलेल्या कोरोनाची १३० प्रकरणे नोंदली गेली होती. त्यांपैकी लस मिळालेल्यांत २४ आणि द्रव मिळालेल्यांत १०६. या दोन संख्यांतील तफावत म्हणजेच ७७.८ टक्के परिणामकारकता. आता या १०६ माणसांचा विचार करावा. त्यांनी दोनदा सुई टोचून घेतली, रक्त दिले, दैनंदिनी भरली आणि तरीही ते आजारी पडले, कारण त्यांच्या वाट्याला लस आलीच नव्हती. ते आजारी पडले म्हणूनच लस उपयुक्त आहे हे सिद्ध झाले. लसीच्या शास्त्रज्ञांचे सत्कार झाले, कंपनीच्या प्रमुखांना पद्म सन्मान मिळाले, ते यथायोग्यच. या १०६ जणांना मात्र कोणी ओळखत नाही.

या चाचणीच्या काळात ‘ही अमुक पक्षाची लस आहे, आम्ही घेणार नाही’ अशी भाषा काही राजकीय नेत्यांनी केली. २५ हजार ७९८ स्वयंसेवकांच्या दंडांवर कोणत्याही पक्षाचा शिक्का नव्हता, हे त्यांना सुचले नाही. परंतु देशी लसीचा अभिमान बाळगणाऱ्यांनी आपल्या बाजूचीही झाडाझडती घेतली पाहिजे, किंबहुना आधी घेतली पाहिजे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २ जुलै २०२० रोजी रुग्णालयांना पाठवलेल्या पत्रात १५ ऑगस्टपर्यंत लस लोकांसाठी उपलब्ध करण्याचा मानस व्यक्त झाला होता. तेव्हा पहिल्या स्वयंसेवकाला पहिली सुईही टोचली गेली नव्हती! स्वातंत्र्यदिनाचा मुहूर्त कितीही मंगल असला तरी प्रतिपिंडे पंचांग पाहून तयार होत नाहीत. परिषदेला पुढे खुलासा करावा लागला. त्यानंतर ३ जानेवारी २०२१ रोजी तिसऱ्या टप्प्याचे परिणामकारकतेचे निष्कर्ष हाती नसतानाच कोव्हॅक्सिनला ‘चाचणीच्या स्वरूपात’ मर्यादित आपत्कालीन मान्यता देण्यात आली, आणि ती घेणाऱ्या सर्वसामान्यांकडूनही काही काळ संमतीपत्र भरून घेण्यात आले. लस उत्तम निघाली. पण उत्तम निघेल हे ठरवण्याचे काम ज्यांच्यावर सोपवले होते, त्या हजारो स्वयंसेवकांची दैनंदिनी पूर्ण भरण्याची वाट पाहिली असती तर टीकाकारांच्या हाती आयते कोलीत गेले नसते. स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्यांनी स्वदेशी पुराव्याचाही तितकाच आग्रह धरायला हवा.

काही वेळा स्वयंसेवकाच्या वाट्याला याहून कटू अनुभव येतात. सप्टेंबर २०२० मध्ये ब्रिटनमध्ये एका स्वयंसेविकेला मज्जासंस्थेचा गंभीर आजार जडल्याचे आढळले व ऑक्सफर्डच्या लसीची चाचणी जगभर थांबवण्यात आली. भारतात औषध महानियंत्रकांच्या नोटिशीनंतर ती थांबली व काही दिवसांत पुन्हा सुरू झाली. पुण्यात पहिली मात्रा घेतलेल्यांनी ते दिवस कसे काढले असतील, याची कल्पना करता येते. घरच्या मंडळींनी वृत्तपत्र पुढे सरकवून ‘आम्ही सांगत होतो’ असे म्हटले नसेल तर नवलच! नोव्हेंबरमध्ये चेन्नईतील एका स्वयंसेवकाने लसीमुळे आपल्याला गंभीर त्रास झाल्याचे सांगून पाच कोटी रुपयांच्या नुकसानभरपाईची नोटीस दिली. उत्तरादाखल कंपनीने शंभर कोटींहून अधिक रकमेच्या बदनामीच्या दाव्याचा इशारा दिला. त्या आजाराचा लसीशी संबंध नसल्याचा निष्कर्ष पुढे निघाला. तो निष्कर्ष मान्य करूनही एक गोष्ट खटकते. जो माणूस आपल्या शरीराने तुमच्या लसीची परीक्षा घ्यायला आला, त्याची तक्रार चुकीची ठरली तरी त्याला पहिले उत्तर वकिलाचे नव्हे, डॉक्टरचे मिळायला हवे होते.

मुळात चाचणीतील संख्येच्या मर्यादा स्वयंसेवकालाही सांगितल्या गेल्या पाहिजेत आणि समाजालाही. दीड-दोन हजार जणांच्या चाचणीत लाखात एखाद्याला होणारा दुष्परिणाम दिसतच नाही. ऑक्सफर्ड लसीमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा अत्यंत विरळा धोका २०२१ मध्ये लाखोंना लस दिल्यानंतरच ध्यानात आला. त्यावरून २०२४ मध्ये जो कल्लोळ उठला, त्यात चाचणी खोटी होती असेही म्हटले गेले. चाचणी खोटी नव्हती. तिची नजर तेवढ्याच अंतरापर्यंत पोहोचत होती.

परंतु याहून मूलभूत प्रश्न संमतीचा आहे. २०२१च्या जानेवारीत भोपाळच्या वायुपीडित वस्त्यांतील काही जणांनी सांगितले की, एका खाजगी रुग्णालयात साडेसातशे रुपये देऊन आपल्याला सुई टोचण्यात आली. ही चाचणी आहे हे नीट समजावले गेले नाही, कागदाची प्रतही मिळाली नाही. संबंधितांनी आरोप नाकारले. ज्या वस्तीने १९८४ सालची ती रात्र भोगली, तिथल्या माणसाला ‘हे औषध आहे की प्रयोग’ असा संशय यावा, एवढी वेळ तरी यायला नको होती. त्याआधी २००९ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लसीचा एक प्रकल्प ‘पाथ’ या अमेरिकी संस्थेने तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम व गुजरातेतील वडोदरा जिल्ह्यांत राबवला. हजारो मुली, त्यांतील कित्येक वनवासी वसतिगृहांतल्या. सात मुलींच्या मृत्यूंच्या बातम्या आल्यावर एप्रिल २०१० मध्ये तो थांबला. मृत्यूंचा लसीशी संबंध चौकशीत सिद्ध झाला नाही. पण संसदीय समितीने ऑगस्ट २०१३ च्या अहवालात जे नोंदवले ते मृत्यूंइतकेच अस्वस्थ करणारे होते. कित्येक मुलींच्या संमतीपत्रांवर आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या व मुख्याध्यापकांच्या स्वाक्षऱ्या होत्या. आईवडील पाड्यावर, मुलगी वसतिगृहात आणि होकार अधीक्षकाचा! वनवासी बांधवांसाठी आयुष्य वेचणाऱ्या कार्यकर्त्यांना यातला अपमान कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

होकार हा होकार ठरतो तो नकार देता येत असेल तरच. महाराष्ट्राने हा धडा सव्वाशे वर्षांपूर्वी, फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकाशियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. वाल्देमार हाफकिन हे ओडेसात जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ तेव्हा भारतात होते. मुंबईत येऊन ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील एका खोलीत व पडवीत त्यांनी काम सुरू केले. अवघ्या तीन महिन्यांत लस तयार झाली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती सर्वप्रथम त्यांनी स्वतःला टोचून घेतली, तीही नेहमीच्या मात्रेहून कितीतरी अधिक. ताप आला, दंड सुजला. त्यानंतर महाविद्यालयातील काही जण पुढे आले. जानेवारीअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा सुमारे दीडशे कैद्यांनी लस टोचून घेतली आणि त्याहून काहीशा अधिक कैद्यांनी ती घेतली नाही. पुढील दिवसांत लस न घेतलेल्यांत बारा जणांना प्लेग झाला व सहा जण दगावले. घेतलेल्यांत दोघांना झाला आणि एकही दगावला नाही. मुंबईची ही पहिली मोठी लसचाचणी. त्या कैद्यांना ‘स्वयंसेवक’ म्हटले गेले. गजांआडच्या माणसाचा होकार कितपत मोकळा असतो, हा प्रश्न त्या काळी कोणी विचारला नाही. आज विचारलाच पाहिजे, त्यासाठी हाफकिन यांचे ऋण नाकारण्याची आवश्यकता नाही.

त्याच वर्षी पुण्यात काय चालले होते? रँडच्या प्लेग समितीचे गोरे सोजीर घरात घुसत होते, देवघरांत शिरत होते, स्त्रियांची तपासणी करत होते, सामान रस्त्यावर फेकत होते. फेब्रुवारीत साथरोग कायदा आला होता, आणि २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंच्या गोळ्यांनी त्या जुलमाला उत्तर दिले. ज्या सरकारने घराचा उंबरठा पायदळी तुडवला, त्याच सरकारचा डॉक्टर सुई घेऊन येतो तेव्हा लोक मागे सरकणारच. ‘अडाणी जनतेने लस नाकारली’ असे जे आजही इंग्रजी पुस्तकांत वाचायला मिळते, ते अर्धसत्य आहे. नाकारली गेली ती सक्ती; विज्ञानाला नकार देणारे त्यांत असतील, पण सारेच तसे नव्हते. तरुण आगाखान यांनी स्वतः अनेकदा जाहीरपणे लस टोचून घेतली आणि आपल्या खोजा समाजाला तिच्याकडे वळवले. आपला माणूस पुढे झाला की सुईची भीती उतरते, हे तेव्हाही खरे होते. पुढे १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावी दूषित कुपीमुळे धनुर्वात होऊन १९ जण दगावले. दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर ढकलण्यात आला, त्यांना पदावरून दूर व्हावे लागले. कुपी गावातच, उघडताना दूषित झाली होती हे मान्य व्हायला १९०७ साल उजाडले. परळच्या संस्थेला त्यांचे नाव लाभले ते १९२५ मध्ये.

सक्ती, तुरुंग आणि वसतिगृह यांच्या पलीकडचा मार्ग कोणता, याचे उत्तर पुणे जिल्ह्यातच सापडते. भीमेकाठचे वढू बुद्रुक हे छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक आहे. त्याच गावात पुण्याच्या केईएम रुग्णालयाने, डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने, १९७० च्या दशकापासून ग्रामीण आरोग्याचे काम चालवले. बाळंतपणे झाली, लसी टोचल्या गेल्या, गावातल्याच बायका आरोग्यसेविका झाल्या. पुढे आसपासच्या २२ गावांतील घराघरांची जन्म-मृत्यूंची नोंद ठेवण्याची व्यवस्था उभी राहिली. तीन दशकांहून अधिक काळ रुग्णालय गावाच्या अडीअडचणीला उभे राहिल्यानंतर, २०११ साली, त्याने गावाकडे काही मागितले. मागणी साधी नव्हती. रोटाविषाणूमुळे होणाऱ्या जुलाबांनी देशात वर्षाला सुमारे ७८ हजार बालके दगावत असल्याचा अंदाज होता. त्यावर ‘रोटाव्हॅक’ ही देशी लस तयार झाली होती. १९८० च्या दशकात दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. महाराज किशन भान व त्यांच्या सहकाऱ्यांना नवजात बालकांत आढळलेल्या विषाणूपासून ती सिद्ध केलेली. तिची चाचणी दिल्ली, पुणे व वेल्लोर अशा तीन ठिकाणी, सहा-सात आठवड्यांच्या ६७९९ तान्ह्या बाळांवर व्हायची होती. तीनपैकी दोघांना लस, एकाला नुसता द्रव. आणि बाळ दोन वर्षांचे होईपर्यंत पाठपुरावा.

स्वतःचा दंड पुढे करणे एक आणि सव्वा महिन्याचे बाळ पुढे करणे दुसरे. बाळाला घराबाहेर काढायचे की नाही यावरही जिथे आजी, आत्या, सासू यांचा निकाल चालतो, तिथल्या आयांनी हा होकार दिला. तो पैशासाठी दिला नव्हता की कोणा अधीक्षकाने परस्पर दिला नव्हता. समोर बसून माहितीपत्रक वाचून दाखवणारी व्यक्ती ओळखीची होती, बाळाला रात्री-अपरात्री काही झाले तर जायचे कुठे हे माहीत होते आणि ‘नको’ म्हटले तरी त्या दवाखान्याचे दार बंद होणार नव्हते. संमतीपत्रावरील स्वाक्षरी त्या दिवशी झाली. संमती तयार व्हायला तीस वर्षे लागली होती. चाचणीत पहिल्या वर्षी रोटाविषाणूच्या तीव्र जुलाबांचे प्रमाण लसीमुळे सुमारे ५६ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. मार्च २०१६ मध्ये राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात रोटाविषाणूच्या लसीचा समावेश सुरू झाला आणि २०१९ मध्ये ती महाराष्ट्रातही आली. आज येवला तालुक्यातल्या उपकेंद्रात दीड महिन्याच्या बाळाला तोंडावाटे ही लस मिळते, तेव्हा आईला तिच्याविषयी फारशी शंकाही येत नाही.

येवल्यासारख्या गावांतील माणसे अशा चाचण्यांत क्वचितच असतात, याचे कारण सरळ आहे. केंद्रे मोठ्या शहरांत; मुंबई-पुणे दोनशे किलोमीटरच्या पलीकडे. पाच-सहा वेळा जायचे तर मागावरच्या विणकराचे तेवढे दिवस पैठणी अडून राहणार. त्यामुळे लाभ सर्वांचा आणि जोखीम मूठभरांची, असे हे गणित राहते. ते बदलायचे तर वढूसारखी केंद्रे प्रत्येक जिल्ह्यात उभी राहायला हवीत, आणि ती साथ आल्यावर उभी करता येत नाहीत.

कायद्याने बरेच काही दिले आहे, हेही सांगितले पाहिजे. इंदूरच्या ‘स्वास्थ्य अधिकार मंच’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये संमतीच्या ध्वनिचित्रमुद्रणाचा आदेश दिला. मार्च २०१९ च्या नव्या नियमांनी माहितीपत्रक स्वयंसेवकाला समजणाऱ्या भाषेत असणे, त्याची प्रत त्याच्या हाती देणे, चाचणीमुळे इजा झाल्यास विनामूल्य उपचार व नुकसानभरपाई, किमान सात सदस्यांची नैतिकता समिती आणि तीत वैद्यकाबाहेरील सामान्य व्यक्तीचाही समावेश, हे सारे बंधनकारक केले. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोणालाही लसीची सक्ती करता येणार नाही असे सांगताना चाचण्यांची माहिती खुली करण्याचीही अपेक्षा व्यक्त केली. नियम आहेत. पण नैतिकता समितीतील ती ‘सामान्य व्यक्ती’ होण्यास किती सुशिक्षित माणसे तयार असतात? निवृत्त मुख्याध्यापक, बँकेतून निवृत्त झालेले अधिकारी, वकील, शाखेच्या निमित्ताने घराघरांत ओळख असलेले कार्यकर्ते, यांनी ही खुर्ची मागून घ्यावी अशी ती आहे. संमतीपत्राचे मराठी भाषांतर वाचून ‘हे आमच्या गावच्या बाईला कळणार नाही’ एवढे सांगण्यासाठी वैद्यकीय पदवी लागत नाही. या भाषांतरांतले मराठी ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही गरज अधिक सांगायला नको.

समाजाचे देणे येथे संपत नाही. २०२१ मध्ये लसीकरणाच्या प्रमाणपत्रावर बरेच काही अवलंबून होते. मुंबईची लोकल १५ ऑगस्टपासून दोन मात्रा झालेल्यांनाच खुली झाली. चाचणीतील स्वयंसेवकांची नोंद मात्र ‘कोविन’ यंत्रणेत आपोआप होत नव्हती. सर्वांत आधी लस घेतलेल्या माणसांनाच लस घेतल्याचा पुरावा मिळवण्यासाठी खेटे घालावे लागले. मार्ग निघाला, पण उशिराने. हा दुष्टपणा नव्हता, विस्मरण होते. यंत्रणा आखणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कोट्यवधी लाभार्थी होते. ज्यांच्यामुळे लस मान्य झाली ते काही हजार नव्हते.

चाचणी संपल्यावर काय निघाले, हे बहुतेक स्वयंसेवकांना इतरांप्रमाणे वृत्तपत्रातूनच कळते. आपल्याला लस मिळाली होती की द्रव, चाचणीचा निष्कर्ष काय आला, आपण दिलेल्या रक्तातून काय समजले, हे एका पानाच्या मराठी पत्राने कळवणे प्रत्येक केंद्राला सहज शक्य आहे. खर्च टपालाचा. वढूच्या त्या चाचणीतील बाळे आता शाळेत वरच्या वर्गांत असतील. त्यांच्या शाळेच्या विज्ञानाच्या तासाला लसीचा धडा येतो तेव्हा गुरुजींनी पाठ्यपुस्तकातील जेन्नरचे चित्र दाखवून झाल्यावर वर्गाकडे वळून विचारावे, तुमच्यापैकी कोणाच्या आईने त्या कागदावर सही केली होती?